लॅक्रोस स्टिकची जाळी स्वतः बांधायला शिका: मेश निवडण्यापासून पहिल्या सरळ पासपर्यंत

सांगलीत लॅक्रोस शिकायला येणारं जवळपास प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात एकच तक्रार घेऊन येतं. "सर, माझी स्टिक खराब आहे. बॉल सरळ जातच नाही, जमिनीत घुसतो." स्टिक हातात घेऊन बघावी तर प्लॅस्टिकचं हेड धड असतं, दांडाही धड असतो. बिघडलेली असते ती जाळी. कधी एका अंगाला कललेली, कधी भाजीच्या पिशवीसारखी लोंबलेली, तर कधी इतकी ताणलेली की चेंडू तिच्यावर टप्पा खाऊन बाहेर पडतो.

लॅक्रोसमध्ये चेंडू झेलायचा, सांभाळायचा आणि फेकायचा तो या जाळीतून. दांडा हातासाठी आणि हेड जाळी धरण्यासाठी. चेंडू कुठल्या क्षणी, कुठल्या कोनातून सुटणार हे जाळीचा झोळ ठरवतो. या झोळालाच पॉकेट म्हणतात. म्हणून मी नव्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना आधीच सांगतो की दुसरी महाग स्टिक घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. एक बरी मेश, म्हणजे तयार विणलेली जाळी, आणा आणि ती बांधायला शिका. दोन रविवार लागतील. पहिला वाया गेल्यासारखा वाटेल, तो वाया जात नाही.

हा खेळ आपल्याकडे नवा असला तरी मूळचा फार जुना. उत्तर अमेरिकेतल्या हौदेनोसौनी आणि इतर मूलनिवासी लोकांचा हा खेळ. हिकरीचं लाकूड वाफेवर वाकवून ते स्टिक बनवत आणि चामड्याच्या वाद्या, तात यांनी तिचा झोळ विणत. प्लॅस्टिकचं हेड १९७० साली आलं आणि पुढे तयार विणलेली जाळी रुळली. ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस १९०४ आणि १९०८ साली पदकाचा खेळ होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली. तिथे क्रिकेटसोबत लॅक्रोसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली, तीही सहा-सहा खेळाडूंच्या 'सिक्सेस' प्रकारात. तेव्हापासून चौकशी करणारे वाढलेत. जाळी बांधून देणारा कारागीर मात्र इथे कुणाच्या गल्लीत नाही. ते काम आपणच शिकायचं.

आधी नावं ओळखून घेऊ

हेडच्या वरच्या रुंद, गोलसर कडेला स्कूप म्हणतात. जमिनीवरचा चेंडू उचलतो तो त्याच कडेनं. खाली जिथे हेड निमुळतं होऊन दांड्याला मिळतं तो थ्रोट, म्हणजे गळा. दोन्ही बाजूंच्या भिंती त्या साइडवॉल. सगळ्या कडांना भोकं असतात. जाळीतल्या एकेका चौकोनाला खेळाडू 'डायमंड' म्हणतात. मी पुढे त्याला 'डोळा' म्हणतो, कारण मोजताना बोटानं दाखवून 'हा डोळा, तो डोळा' असंच तोंडात येतं.

दोऱ्या चार प्रकारच्या. जाळी स्कूपला बांधते ती टॉप स्ट्रिंग. दोन्ही भिंतींना बांधतात त्या दोन साइडवॉल स्ट्रिंग. गळ्याशी असते ती बॉटम स्ट्रिंग. आणि जाळीच्या वरच्या भागात आडव्या ओवतात त्या शूटिंग स्ट्रिंग, म्हणजे 'शूटर'.

मेश कोणती घ्यावी

पाकिटावर पहिली गोष्ट दिसते ती आकडा. १० डायमंड म्हणजे जाळीच्या सर्वांत रुंद ओळीत दहा डोळे. नव्या माणसानं दहाचीच घ्यावी. सहा डोळ्यांची मोठ्या भोकांची जाळीही मिळते. ती बांधायला सोपी वाटते, पण झोळ हवा त्या जागी नेमका बसवायला तिच्यात वाव कमी. गोलकीपरचं हेड बरंच रुंद असतं, त्याला बारा डोळ्यांची किंवा खास रुंद विणीची जाळी लागते. तो वेगळा विषय आहे आणि शिकणाऱ्यानं पहिल्यांदाच गोलकीपरचं हेड हातात घेऊ नये.

दुसरी गोष्ट कडकपणा: सॉफ्ट, सेमी-सॉफ्ट, सेमी-हार्ड, हार्ड. सॉफ्ट जाळीत पहिल्याच दिवशी चेंडू छान झेलता येतो, मुलं खूश होतात. पण ती लवकर ढिली पडते, आणि आज सरळ गेलेला पास पुढच्या आठवड्यात खाली जायला लागतो. हार्ड जाळी आकार धरून ठेवते, मात्र ती मुरेपर्यंत झेल तिच्यावरून उसळून जातो आणि नवशिक्याचा धीर सुटतो. माझ्या मते पहिली जाळी सेमी-सॉफ्ट घ्यावी. झेलायला मऊ, तरी आकार सांभाळणारी. वर्षभर खेळल्यावर सेमी-हार्डकडे जावं की नाही ते तुमचा हातच सांगेल.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त भर देतो. साधी, लेप नसलेली जाळी पाणी पिते. भिजली की सैल पडते, वाळली की आखडते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, आणि हिवाळ्यात कृष्णाकाठच्या मैदानांवर सकाळी इतकं दव की जमिनीवरचे चार चेंडू उचलले तरी जाळी ओली होते. म्हणजे पावसाळा संपला तरी ओल सुटत नाही. मेणाचा किंवा तसला लेप दिलेली, पाणी न धरणारी मेश थोडी महाग पडते. तरीही तीच घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर दांड्यात वाचवा.

मुलींसाठी मेश घेताना नीट बघा. महिलांच्या स्टिकचं हेड वेगळं असतं, झोळ उथळ ठेवावा लागतो आणि त्यासाठी वेगळी विणलेली मेश मिळते. पुरुषांची मेश महिलांच्या हेडला ओढून-ताणून बसवली की ती नियमातही बसत नाही आणि नीट फेकतही नाही. एका मुलीसाठी मी हा उद्योग केला होता. दोन तास घालवून शेवटी सगळं सोडलं.

क्रिकेटच्या नेटचा तुकडा चालेल का, असं पालक विचारतात. नाही चालत. त्या जाळ्याला प्रत्येक सांध्यावर जाड गाठ असते आणि चेंडू सुटताना त्या गाठींवर अडखळतो. लॅक्रोसची मेश विणलेली असते, तिच्यावरून चेंडू घरंगळत सुटला पाहिजे.

सामान

मेश बाहेरून मागवावी लागते. बहुतेक वेळा पूर्ण संचच येतो: जाळी, एक टॉप स्ट्रिंग, दोन साइडवॉल, एक बॉटम आणि दोन-तीन शूटर. दोरी हरवली किंवा कमी पडली तर मात्र इथेच भागतं. दोरी-सुतळीच्या दुकानात दोन ते तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी मागा, पण वेणीसारखी विणलेली, पिळाची नको. पिळाची दोरी ताण पडला की उलगडते आणि गाठ धरत नाही. शूटरसाठी बुटाची लांब, चपटी नाडी उत्तम चालते.

हत्यारं सगळी घरात असतात. कात्री, लायटर, छोटी पक्कड आणि पोती शिवायचा दाभण. दाभणाचं टोक कानशीनं घासून बोथट करून घ्या. आवळलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. नायलॉन ओढून ओढून बोटांना चरे पडतात, म्हणून तर्जनी आणि करंगळीच्या पेराला आधीच चिकटपट्टी गुंडाळा. चेंडू जवळ ठेवा. आणि वही-पेन्सिल. वही कशाला, ते पुढे कळेल.

दोरीची कापलेली टोकं लायटरच्या आचेवर धरून वितळवावीत, म्हणजे सुटत नाहीत. वितळलेलं नायलॉन बोटांनी दाबू नका, ते कातडीला चिकटून भाजतं. पकडीनं दाबा. लहान मुलांकडून हे काम करून घेऊ नका, आणि जाळी शेजारी पसरलेली असताना तर मुळीच नको.

जुनी जाळी सोडण्यापूर्वी

फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. मग कात्री न लावता गाठी एकेक सोडवत जा. कंटाळवाणं काम आहे, पण जाळी कशी बांधलेली असते हे सोडवताना जितकं समजतं तितकं कुठलाही व्हिडिओ बघून समजत नाही. कुठल्या भोकात कुठला डोळा होता ते वहीत लिहा. जुनी जाळी टाकू नका. पहिला सराव तिच्यावरच करायचाय.

नवी जाळी घडी घालून आलेली असते. ती उभी धरून दोन्ही हातांनी चांगली ताणा, मग आडवी ताणा, पुन्हा उभी. डोळे मोकळे आणि एकसारखे दिसायला लागले की पुरे.

पहिली पायरी: टॉप स्ट्रिंग

जाळीच्या वरच्या कडेचे डोळे मोजा. दहा असतील तर मध्य पाचव्या आणि सहाव्याच्या मधे, नऊ असतील तर मध्य म्हणजे पाचवा डोळा. तिथे रंगीत दोरा बांधून खूण करा आणि स्कूपच्या मध्यावरही पेनानं खूण करा. या दोन खुणा शेवटपर्यंत समोरासमोर राहिल्या पाहिजेत. अर्ध्या डोळ्यानं जरी जाळी सरकली तरी पुढची सगळी बांधणी तिरकी होते.

दोरी पाऊण ते एक मीटर घ्या, एका टोकाला निरगाठ मारा. स्कूपच्या एका कोपऱ्यातल्या भोकातून सुरुवात करून जाळीचा डोळा पकडायचा, दोरी भोकातून परत काढायची आणि स्वतःच्याच फासाखालून ओढून आवळायची. मग पुढचं भोक. स्कूपला भोकं किती यावर प्रत्येक भोकात एक डोळा की दोन हे ठरेल, पण मध्याच्या डावीकडे जे केलं तेच उजवीकडे. प्रत्येक गाठ आवळताना जाळी बाहेरच्या बाजूला ओढत राहा.

बांधून झाल्यावर जाळीची वरची कड पट्टीसारखी सरळ आणि ताठ हवी. दाराच्या तोरणासारखी मधे झोळ घेतलेली नको. स्कूप आणि जाळी यांच्यात फट राहिली तर चेंडू सुटताना प्लॅस्टिकच्या कडेवर आपटतो, 'टक्' आवाज येतो आणि पासाची दिशा बदलते. फट दिसली तर आळस न करता सोडून पुन्हा बांधा. माझ्याकडची मुलं सरासरी तिसऱ्या प्रयत्नात टॉप स्ट्रिंग नीट बांधतात.

दुसरी पायरी: साइडवॉल. इथे वेळ द्या

खरं काम इथे आहे. झोळ कुठे बसणार हे या दोन दोऱ्या ठरवतात, आणि त्यामागचं तत्त्व एकदा समजलं की कुणाचा नमुना नकलायची गरज उरत नाही. भिंतीच्या थोड्या लांबीत जास्त डोळे बांधले की तिथे जाळी जास्त होते आणि खाली झोळ पडतो. जास्त लांबीत कमी डोळे बांधले की जाळी ताणली जाते, तिथे ती सपाट राहते. बास. पडद्याला चुण्या घालतात तसंच हे. जिथे चुण्या जास्त तिथे फुगा.

झोळ स्कूपजवळ असला तर 'हाय', मध्यावर असला तर 'मिड', गळ्याकडे असला तर 'लो' पॉकेट म्हणतात. सिक्सेसमध्ये मैदान ७० बाय ३६ मीटरचं, गोलवर शॉट घ्यायला ३० सेकंदांचं घड्याळ, आणि सगळ्यांनी दोन्ही टोकांना पळायचं. झेल, पळ, पास, शॉट, सगळं एकाच खेळाडूकडून. म्हणून मी सगळ्यांना मिड पॉकेटपासून सुरुवात करायला सांगतो.

दोरी प्रत्येक बाजूला सव्वा मीटर तरी घ्या. उरली तर कापता येते, कमी पडली तर सगळं सोडावं लागतं. गाठ अशी: दोरी जाळीच्या काठच्या डोळ्यातून काढायची, भिंतीच्या भोकात बाहेरून आत घालायची, आणि आत आलेलं टोक तिच्याच तिरक्या पट्ट्याखालून ओढून घ्यायचं. प्लॅस्टिकच्या काठाभोवती फास बसतो आणि ओढला की आपोआप आवळतो. बैलाचं मुसकं विणलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांचा हात इथे लवकर बसतो. माझ्या गटात खेड्यातून येणारी एक-दोन मुलं ही गाठ मी दाखवण्याआधीच मारून मोकळी झाली होती.

समजा, तुमच्या हेडला एका बाजूला दहा भोकं आहेत. मिड पॉकेटसाठी मी वहीत असं लिहीन. पहिल्या भोकात पहिला डोळा, दुसऱ्यात दुसरा. तिसरं भोक रिकामं. चौथ्यात तिसरा डोळा, पाचव्यात चौथा. सहाव्या भोकात पाचवा आणि सहावा असे दोन डोळे. सातव्यात सातवा, आठव्यात आठवा. नववं रिकामं. दहाव्यात नववा डोळा. आता वाचून बघा: वर एक भोक सोडलं म्हणजे जाळी ताणली, सहाव्यात दोन डोळे घातले म्हणजे तिथे झोळ पडला, खाली पुन्हा भोक सोडून जाळी ताणली. झोळ थोडा वर हवा असेल तर ते दोन डोळे पाचव्या भोकात घाला. तुमच्या हेडला भोकं बारा असतील किंवा त्यांतलं अंतर कमी-जास्त असेल, तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

मोजताना फक्त जाळीच्या काठावर येणारे डोळे मोजायचे, आतल्या ओळीचे नाहीत. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

आणि दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या हव्यात. मी शिकत होतो तेव्हा एका मुलाच्या स्टिकला उजव्या बाजूला एक डोळा जास्त घेतला गेला. त्याचे पास सतत एकाच बाजूला जात. महिनाभर मी त्याच्या मनगटाला दोष देत होतो, त्याला वेगळा सराव देत होतो. शेवटी जाळी मोजली तेव्हा कळलं. त्या मुलाची मी माफी मागितली आणि तेव्हापासून वही सुरू केली. आता आम्ही एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेत नाही. डावीकडे तीन गाठी, उजवीकडे तीन गाठी, मग हेड डोळ्यांसमोर धरून बघायचं, मग पुढे. वेळ जास्त लागतो, पण चूक तिसऱ्या गाठीला सापडते.

ताणही दोन्हीकडे सारखा हवा. सुरुवातीला हातात जोर असतो, शेवटी बोटं दुखायला लागतात, आणि दुसरी बाजू नकळत सैल बांधली जाते. दमलात तर थांबा, चहा घ्या.

तिसरी पायरी: बॉटम स्ट्रिंग

गळ्याशी असलेल्या भोकांतून दोरी काढून जाळीच्या मधल्या चार-पाच डोळ्यांतून ओवायची आणि दुसऱ्या बाजूला बांधायची. इथे निरगाठ मारू नका, सुरगाठ मारा, कारण ही दोरी तुम्ही पुढे अनेकदा सैल-घट्ट करणार आहात. झोळाची खोली बदलायचा हा सर्वांत सोपा मार्ग. गळा आणि जाळी यांच्यात इतकी फट नको की चेंडू तिथून निसटेल किंवा अडकून बसेल.

खाली उरलेली जाळी लगेच कापू नका. आठ-दहा दिवस खेळून झोळ पक्का झाला की दोन ओळी सोडून बाकीची कापा. लवकर कापलेल्या जाळ्या मी वाया गेलेल्या बघितल्या आहेत.

झोळ मुरवणे

नवी जाळी चेंडूला ओळखत नाही. झोळ हवा त्या जागी चेंडू ठेवून अंगठ्यांनी दाबा, किंवा दांड्याच्या गोल टोकानं आतून हलके ठोके द्या. लाटण्याचं टोकही चालतं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. लेप दिलेली जाळी पाण्यात भिजवायची गरज नाही, साधी असेल तरी भिजवून ताणू नका, नको तिथे सैल पडते. त्यानंतर भिंतीवर फेकणं-झेलणं, त्याला पर्याय नाही.

चौथी पायरी: शूटर

शूटर मी झोळ थोडा मुरल्यावरच ओवतो. आधी ओवले तर झोळ कुठे पडतोय ते कळत नाही.

नाडीची दोन टोकं घेऊन जाळीच्या एकाच ओळीतून जायचं: एक टोक डोळ्याच्या वरून, दुसरं खालून, पुढच्या डोळ्याला अदलाबदल. वेणी घातल्यासारखं. पहिली शूटर स्कूपपासून साधारण दोन इंचांवर, दुसरी तिच्याखाली एक-दोन ओळी सोडून. नव्या माणसाला दोन पुरेत. टोकं भिंतीच्या भोकाशी बांधा. अमेरिकेतल्या शालेय आणि कॉलेज नियमांप्रमाणे पुरुषांच्या स्टिकमध्ये सगळ्या शूटर स्कूपच्या वरच्या कडेपासून चार इंचांच्या आत हव्यात, आणि लोंबणारी टोकं दोन इंचांहून लांब नकोत. आपण सुरुवातीपासून तसंच बांधावं, म्हणजे कुठेही खेळायला गेलो तरी अडत नाही.

शूटरचं काम दोन प्रकारचं. चेंडू झोळातून वर येताना त्याला एकसारखा उतार देणं, आणि सुटण्याआधी क्षणभर धरून ठेवणं. या धरून ठेवण्यामुळे चेंडूला जो खालच्या दिशेचा हिसका बसतो त्याला 'व्हिप' म्हणतात. थोडा व्हिप हवा असतो, त्यानं सुटण्याची जाणीव हाताला होते. जास्त झाला की चेंडू पायाशी.

मिरजेला सतार-तंबोऱ्याच्या दुकानांत जवारी लावताना कधी बघितलंय का? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. कारागीर तो केसभर सरकवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा सरकवतो. दोरा एका जागी असताना तार मुकी वाटते, तो जरा पुढे सरकला की गुंजायला लागते. शूटरचं तसंच आहे. अर्धा सेंटिमीटर सैल केली की पास छातीच्या उंचीवर जातो, तेवढीच आवळली की गुडघ्यावर. मुलांना मी एकदा मुद्दाम तिथे घेऊन गेलो. घाईनं गाठ मारणारा आमचा एक मुलगा त्या दिवशी बराच वेळ तिथेच उभा होता.

भिंतीवर तपासणी

भिंत निवडताना काळजी घ्या. लॅक्रोसचा चेंडू भरीव रबराचा, १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून थोडाच हलका, पण उसळतो कितीतरी जास्त. जवळ खिडक्या, गाड्या, लहान मुलं नकोत. आम्ही एका हळदीच्या गोदामाची मागची आंधळी भिंत मालकांना विचारून घेतली आहे. हेल्मेट आणि हातमोजे सरावातही घालायचे.

सहा-आठ पावलांवरून भिंतीवर खडूनं काढलेल्या वर्तुळावर वीस वेळा फेका. एका पासावरून काही ठरवू नका, वीसचा कल बघा. मग एकच गोष्ट बदला, पुन्हा वीस.

पास सतत खाली जात असतील तर व्हिप जास्त आहे. आधी वरची शूटर थोडी सैल करा. फरक पडला नाही तर बॉटम स्ट्रिंग जराशी आवळून झोळ उथळ करा. दोन्ही एकदम केलं तर कशानं सुधारलं ते कधीच कळणार नाही. पास वर उडत असतील, हातातून लवकर निसटल्यासारखे वाटत असतील, तर झोळ उथळ आहे किंवा शूटर ढिल्या आहेत. बॉटम थोडी सैल करा, पुन्हा बघा. पास एका बाजूला जात असतील तर दुसरं काही करण्याआधी दोन्ही साइडवॉलचे डोळे मोजा. सुटताना 'टक्' असा आवाज येत असेल तर टॉप स्ट्रिंगची फट बघा, किंवा शूटर जाळीच्या वर पायरीसारखी उभी राहिली आहे का ते बोट फिरवून बघा. बोट अडलं तिथे चेंडूही अडतो.

पळताना चेंडू बाहेर पडतो ही तक्रार बहुतेक वेळा जाळीची नसते. मनगटाच्या झुलवण्याची असते, त्याला 'क्रेडल' म्हणतात, आणि ते सरावानंच येतं. जाळी खोल करून तो प्रश्न सोडवायला जाऊ नका. खोल झोळात चेंडू राहतो खरा, पण तो बाहेर काढताना दमछाक होते, आणि वर नियमही मोडतो.

नियमाची खोली बघायची रीत सोपी आहे. स्टिक आडवी धरून चेंडू झोळात ठेवा आणि हेड डोळ्यांच्या रेषेत आणून बाजूनं बघा. पुरुषांच्या स्टिकमध्ये चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या खालच्या कडेच्या खाली गेला तर पॉकेट जास्त खोल. महिलांच्या स्टिकमध्ये चेंडूचा वरचा भाग साइडवॉलच्या वरच्या कडेच्या वर दिसलाच पाहिजे. फरक मोठा आहे, म्हणून मुलांची आणि मुलींची स्टिक एका मापानं तपासू नका. सामन्याच्या सकाळी पुन्हा बघा, कारण आदल्या दिवशीच्या सरावात झोळ थोडा उतरलेला असतो.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये स्टिक पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. मेण चिकट होतं, त्यात धूळ बसते, आणि प्लॅस्टिकचं हेड मऊ पडून वेडंवाकडं होतं. पावसात खेळल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत, हेड खाली करून टांगा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका. चिखल बसला असेल तर साध्या पाण्यानं धुवा, साबण नको, लेप निघतो. दर पंधरा दिवसांनी गाठी बोटांनी चाचपा आणि साइडवॉलच्या दोरीवर कुठे धागे सुटलेत का बघा. घासून कातरते ती बहुधा स्कूपजवळ, जमिनीवरचे चेंडू उचलताना.

सामन्याला जाताना बॅगेत एक जादा शूटर, दीड मीटर दोरी, दाभण आणि लायटर टाका. वहीतलं पान फाडून न नेता त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण मध्यंतरात साइडवॉल तुटली तर सहाव्या भोकात दोन डोळे होते की सातव्या, हे तिथे आठवत नाही.